कचरू पेंटरचा वरचा कॉमा

कचरू साळवे यांना इंग्रजी येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की हा माणूस एखाद्या कॉलेजात इंग्रजी शिकवत असणार. मॅट्रिकला ते दोनदा बसले आणि दोन्ही वेळा इंग्रजीनंच त्यांना घरी पाठवलं. तिसऱ्यांदा फॉर्म भरण्याऐवजी ते सोयगावजवळच्या आपल्या गावातून एस.टी.त बसले, शहागंजात उतरले आणि एका पेंटर उस्तादाच्या हाताखाली रंगाचे डबे धुवायला लागले. त्यानंतर चाळीसेक वर्षं शहरातल्या कितीतरी इंग्रजी पाट्या याच मॅट्रिक नापास हातानं लिहिल्या गेल्या.

मी त्यांना पेंटरमामा म्हणायचो. ते मला ‘मालक’ म्हणायचे. त्यात टोमणा असायचा आणि तो मला बरोबर लागायचा. कारण मी फ्लेक्सवाला. शहागंजात त्यांच्या टपरीच्या अगदी समोर मी दुकान घेतलं, यंत्र बसवलं आणि दोन वर्षांत त्यांच्या तोंडचा घास पळवला. गल्लीतल्या दादाचा वाढदिवस असो की मोबाइलचं दुकान असो, लोक फोटो पाठवायचे आणि तासाभरात फ्लेक्स गुंडाळून न्यायचे. पेंटरमामांची शिडी टपरीच्या भिंतीला उभीच्या उभी राहिली.

एवढं होऊनही माणूस कुढला नाही. रोज सकाळी पांढराशुभ्र शर्ट घालून यायचे. पेंटरचा शर्ट पांढरा, हेच मला पहिल्यांदा खटकलं होतं. त्यावर रंगाचा एक ठिपका कधी कुणी पाहिला नाही. “रंग पाटीला द्यायचा असतो, सोताला नाय,” असं म्हणायचे. उजव्या करंगळीचं नख तेवढं वाढवलेलं. ते पाटीला टेकवून हात तोलायचा, ही त्यांची पद्धत. चष्म्याला जाड काळा दोरा. आणि रस्त्यानं चालताना दोन्ही बाजूंच्या पाट्या मोठ्यानं वाचत जायची खोड, त्यामुळं त्यांच्याबरोबर कुठं वेळेवर पोचणं अशक्य.

आमची खरी ओळख समोशांमुळं झाली. एका नाश्त्याच्या गाडीसाठी मी इंग्रजीतून मोठा फ्लेक्स छापला होता. समोसाज, कचोरीज, पॅटिसेज, आणि प्रत्येक एसच्या आधी वर एक कॉमा. त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात हे मला शाळेत सांगितलं असणार, पण माझी समजूत अशी होती की इंग्रजीत शेवटी एस आला की त्याच्या डोक्यावर कॉमा द्यायचाच असतो, लग्नात सगळ्यांच्या हातावर अत्तर लावतात तसा. पेंटरमामा रस्ता ओलांडून आले, फ्लेक्सजवळ वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, “मालक, समोशाचं काय हाय?”

“समोशाचं काय म्हणजे?”

“हा वरचा कॉमा सांगू राहिला की समोशाच्या मालकीचं काहीतरी हाय. काय हाय त्येचं? शेत हाय? प्लॉट हाय?”

मी फ्लेक्सवरचे कॉमे मोजू लागलो.

“इथं नुस्ते लई समोसे हायत. लई झाले म्हनून कुनी मालक होत नाय. काढा तो कॉमा.”

मी काढला. कचोरीचा आणि पॅटिसचाही काढला. त्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, मामा, रोज दोन तास माझ्याकडं बसा, इंग्रजी मजकूर तपासून द्या. मला वाटलं होतं, अपमान वाटेल. त्यांनी आपलं स्टूल उचललं आणि माझ्या यंत्राशेजारी आणून ठेवलं. “समोर बसून तुमच्या चुका बघन्यापेक्षा इथं बसलेलं बरं. मान तरी दुखनार नाय.”

त्यांचं सगळं व्याकरण दोन प्रश्नांत मावायचं. कुनाचं हाय? आणि किती जनांचं? कुणाचंच नसेल, नुसत्याच वस्तू पुष्कळ असतील, तर कॉमा नाही. एकाचं असेल तर एसच्या आधी कॉमा. पुष्कळ जणांचं असेल तर आधी सगळ्यांना एससकट आत घ्यायचं आणि कॉमा शेवटी उभा करायचा. मेन, विमेन, चिल्ड्रेन यांचं मात्र वेगळं. “हे आधीच घोळक्यानं आलेले हायत. त्यांना आनखी एस लावून गर्दी कामून करायची? त्यांच्यामागं कॉमा, मंग एस.” माझ्या मुलीच्या इंग्रजी शाळेतल्या बाईंनी हाच धडा पाच दिवस शिकवला होता. मामांनी तो तिला एका कट चहात शिकवला आणि ती आजवर चुकलेली नाही.

हे त्यांना कुठून आलं, तर एका फजितीतून. तरुणपणी त्यांना एका वसतिगृहाची पाटी मिळाली होती, बॉईज होस्टेल. त्यांनी मोठ्या ऐटीत वाय आणि एसच्या मधोमध कॉमा दिला. शिडीवरून उतरतात तर खाली पोरं हसू लागलेली. रेक्टर इंग्रजी शिकवायचे. त्यांनी वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, “कचरू, इथं एकच मुलगा राहतो का रे? एवढ्या मोठ्या इमारतीत त्याला भीती वाटेल.” मग त्यांनी मामांना खोलीत नेलं, चहा पाजला आणि कागदावर सगळं समजावून दिलं. मामा हा प्रसंग सांगताना रेक्टरांच्या नावानं कानाला हात लावायचे. “दोन मास्तरांनी मला नापास केलं. तिसऱ्यानं चहा पाजला. इंग्रजी तिसऱ्याचीच आली.”

पण त्यांची खरी खासियत वेगळीच होती. त्यांचे उस्ताद उर्दू पाट्या लिहायचे. सगळी पाटी लिहून झाली की शेवटचा एक नुक्ता, म्हणजे अक्षरावरचं टिंब, ते मोकळं ठेवायचे आणि दुकानाच्या मालकाच्या हातात ब्रश द्यायचे. “नुक्ता मालिक देगा. अपन लिखनेवाले हैं मियाँ, मालिक नै.” उस्ताद गेले, उर्दू पाट्या कमी झाल्या, इंग्रजीचा जमाना आला. मामांनी उस्तादांची ही रीत उचलली आणि इंग्रजी कॉम्याला लावली. पाटी टांगून झाली की मालकानं शिडीवर चढायचं आणि वरचा कॉमा आपल्या हातानं द्यायचा. मालक जितके, तितक्यांनी ब्रश लावायचा. मग खाली उतरून त्याच रंगाचा अंगठा मामांच्या वहीत उमटवायचा. भागीदार चार असले तर अंगठे चार. एक जण परगावी असला तर तो येईपर्यंत पाटी बिनकॉम्याची.

या वहीची मी आधी थट्टा करायचो. मग एकदा शहागंजातल्या दोन भावांचं वाजलं. कापडाचं दुकान. थोरला म्हणू लागला, दुकान मी काढलं, धाकटा माझ्याकडं नुसता कामाला होता. प्रकरण हातघाईवर आलं. बाजारातली चार जाणती माणसं दोघांना घेऊन कुठं गेली असतील? पेंटरमामांच्या टपरीवर. मामांनी वही काढली, जुनं पान उघडलं. हिरव्या रंगाचे दोन अंगठे, एक मोठा, एक लहानखुरा. थोरल्यानं त्या लहान अंगठ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “याला मीच उचलून धरलं व्हतं. ह्याचा हात पुरत नव्हता.” मग त्यानं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून मी वहीची थट्टा बंद केली.

आता वाळूजची गोष्ट.

नामदेव नावाच्या एका माणसाचा फोन आला. वाळूजला कंपन्यांच्या रस्त्यावर खानावळ काढतोय, नाव ‘नामदेवज् किचन’, गॉगलमधला फोटो पाठवतोय, फ्लेक्स मोठा पाहिजे. मी लगेच छापला. कॉमा बरोबर एसच्या आधी, एका माणसाचा. मामांपुढं मोठ्या रुबाबात धरला.

“कॉमा बरोबर हाय,” मामा म्हणाले. “पन कुनाचं हाय?”

“नामदेवचं. पाटीवर नावच आहे की.”

“तुमी बघून आलात?”

फ्लेक्सवाला कधी बघायला जातो का? मामांनी मात्र आयुष्यात एकही पाटी जागा बघितल्याशिवाय लिहिली नव्हती. त्यांनी चपला घातल्या. मला मोटारसायकल काढावी लागली.

वाळूजला पोचलो तेव्हा गाळ्यात नामदेव नव्हता. चार बाया होत्या. एक कणीक मळत होती, एक भाजी चिरत होती, शबाना नावाची एक रोट्या भाजत होती आणि सुनंदा पिंपाला नळ बसवत होती. या चौघी आधी एका कंपनीच्या कँटीनमध्ये ठेकेदाराकडं स्वयंपाकाला होत्या. ठेकेदार बदलला, नव्यानं यांना काढलं. मग वर्षभर गेटसमोर उन्हात उभं राहून त्यांनी डबे विकले. शिफ्टच्या पोरांना चव आवडली, गिऱ्हाईक वाढलं, तेव्हा हा गाळा बघितला. भांडी त्यांची, शेगड्या त्यांच्या, कष्ट त्यांचे. नामदेव हा सुनंदाचा दीर. त्यानं गाळ्यासाठी पळापळ केली होती, तेवढं खरं होतं.

मामांनी पाणी मागितलं, पाटावर बसले आणि विचारलं, “कुनाचं हाय बायांनो हे?”

“आमचंच की,” सुनंदा म्हणाली.

“किती जनींचं?”

“चौघींचं.”

“अन् गाळ्याचा कागद?”

सुनंदाचा हात नळावरच राहिला. “कागद नामदेवभावजींच्या नावानं व्हनार हाय. उद्घाटनाच्या दिशी. त्ये म्हनले, बायकांच्या नावावर कागद केला की लई कटकट.”

“मंग उद्या त्यो म्हनला, निघा, तर?”

शबानानं तव्यावरची रोटी उलटली. “तो फिर क्या मामू, डब्बे लेके वापस गेट पे.”

मी मध्ये तोंड घातलं. नामदेवला सरळ सांगा ना, म्हटलं. सुनंदा माझ्याकडं बघून कसनुसं हसली. “सासूबाई हायत, जाऊ हाय, एका चुलीवर आमचं घर हाय. कोन्त्या तोंडानं सांगू?” गाळ्याचे मालक अण्णा पाटील यांना तर या चौघी भेटल्याही नव्हत्या. सगळं बोलणं नामदेवनंच केलं होतं.

मामा उठले. “पाटी मी लिवतो. नाव काय ठेवायचं ते चौघी मिळून सांगा. उद्घाटनाला हात धुवून उभ्या ऱ्हा, बस.”

परत येताना मी त्यांना म्हटलं, “मामा, तीन वर्षं ब्रश धरला नाही तुम्ही. हात थरथरतो.”

“हात थरथरतो, अक्कल नाय,” मागून उत्तर आलं.

चौघींनी नाव कळवलं, सिस्टर्स मेस. मामांनी पत्रा आणला, घासला, त्यावर दुधी रंगाचे दोन हात दिले आणि माझ्या दुकानात बसून लिहायला लागले. गोष्टीतल्यासारखा त्यांचा हात ब्रश धरताच स्थिर झाला नाही. पहिला एस त्यांनी चार वेळा पुसला. करंगळीचं नख टेकवायचे, श्वास रोखायचे, एक रेघ ओढायचे आणि ब्रश खाली ठेवून दोन मिनिटं बसायचे. तीन दिवस लागले. माझं यंत्र शेजारी भराभरा नामदेवसारख्यांचे गॉगल छापत होतं आणि मी मान वळवून त्या लाल अक्षरांकडं बघत होतो. मला माझ्या धंद्याची लाज वाटली, हे इथं कबूल करतो. सिस्टर्सच्या शेवटच्या एसनंतर त्यांनी बोटभर जागा मोकळी सोडली.

उद्घाटन पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी ठेवलं होतं. बसमधून उतरलेली पोरं, मोटारसायकली, सगळा रस्ता भरला. अण्णा पाटील खुर्चीत बसलेले. त्यांची जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी हे गाळे बांधलेले. टेबलावर स्टॅम्प पेपर, उडू नये म्हणून त्यावर पेढ्यांचा डबा. नामदेव नव्या कोऱ्या शर्टात. त्यानं वर पाटीकडं बघितलं आणि माझ्याकडं वळला. “माझा फ्लेक्स कुठंय?” मी म्हटलं, पेंटरमामांना विचारा, आणि गर्दीत दोन पावलं मागं सरलो. शौर्य हा माझा प्रांत नाही.

मामा शिडीजवळ उभे होते, हातात लाल रंगाची वाटी. त्यांनी खणखणीत आवाजात पुकारा केला, “पाटी तयार हाय. वरचा कॉमा बाकी हाय. ज्याचं दुकान त्यानं यावं!”

नामदेवला या रितीची कल्पना नव्हती, पण मान घ्यायला तो तयारच होता. पुढं आला, हात केला. मामांनी ब्रश दिला नाही.

“एकट्याचं असतं तर जागा एसच्या आधी सोडली असती, बाबा. ही शेवटी सोडलीय. चौघींचं हाय. सुनंदाबाई, ये पोरी.”

सुनंदानं दिराकडं पाहिलं, खाली पाहिलं. ती हलेना. मला वाटलं, गेलं सगळं. तेवढ्यात शिफ्टच्या पोरांतून कुणीतरी ओरडलं, “ताई, चढा की! जेवन तुमच्याच हातचं खातो आमी, दुसऱ्या कुनाच्या नाय!” मग दुसरा ओरडला, तिसऱ्यानं शिट्टी वाजवली. सुनंदानं पदराला हात पुसला, पदर खोचला आणि शिडीवर चढली. कॉम्याचं टिंब तिनं दिलं. शबानानं त्याला शेपूट काढलं. तिसरीनं आणि चौथीनं ते भरून काढलं. कॉमा चांगलाच गुबगुबीत झाला. टाळ्या अशा वाजल्या की पलीकडच्या कंपनीचा वॉचमन केबिनमधून बाहेर आला.

मामांनी वही उघडली. चार लाल अंगठे उमटले. आणि तेव्हा अण्णा पाटलांनी खुर्चीतूनच हात पुढं केला. “साळवे, वही बघू.”

त्यांनी पानं मागं उलटायला सुरुवात केली. मागं, आणखी मागं. एका पानावर थांबले. पाटील ब्रदर्स, शेतीची औजारं. निळ्या रंगाचे दोन अंगठे. एक त्यांचा, एक त्यांच्या भावाचा. भाऊ कधीच गेलेला. अण्णांनी त्या दुसऱ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. मग मान वर केली.

“नामदेव, यात तुझा अंगठा कुठाय?”

“नाय, अण्णा.”

“मंग कागदावर कसा येतो?”

नामदेव काहीतरी पुटपुटला, पळापळ मी केली वगैरे. अण्णांनी ऐकून घेतलं, “केली असशील, त्याचं पुन्य तुला,” म्हणाले आणि पेढ्यांचा डबा उचलून तो स्टॅम्प पेपर सगळ्यांसमोर फाडला. नवा कागद दुसऱ्या दिवशी झाला. चौघींच्या नावानं, चौघींच्या सह्यांनी.

मला त्या क्षणी जो आनंद झाला तो सांगता येत नाही. मी फ्लेक्सवाला, माझी ऑर्डर गेलेली, आणि मी वेड्यासारखा टाळ्या पिटत होतो. शबाना रडत होती आणि रडता रडता पोरांना ताटं वाढत होती. सुनंदाच्या सासूबाई मागं उभ्या होत्या. त्यांनी पुढं येऊन सुनेच्या अंगठ्याचा रंग आपल्या पदरानं पुसला. नामदेव रागानं निघून गेला होता. जेवायच्या वेळेला परत आला आणि सुनंदानं त्यालाही ताट वाढलं. आता तोच कंपन्यांत डबे पोचवतो आणि काम चोख करतो. त्याचा गॉगलवाला फ्लेक्स मेसच्या मागं कांद्यांवर पांघरलेला आहे, तोंड खाली करून.

मामा त्या दिवशी पहिल्या पंगतीला बसले. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली. पाण्याचा घोट घेऊन मला म्हणाले, “मालक, मॅट्रिकचा निकाल लई उशिरा लागला बघा.”

त्यानंतर वर्षभरानं ते लेकीकडं राहायला गेले. जायच्या आधी त्यांचा फोन आला, वाळूजला सोडा. मेसमध्ये पाचवी भागीदार आली होती, रेखा नावाची, ठेकेदारानं काढलेलीच. तिचा अंगठा घ्यायचा होता.

“पाच झाल्या म्हणजे कॉमा सरकवावा लागेल का?” मी विचारलं.

“कामून? तो शेवटीच उभा हाय. किती का येईनात.” जुन्याच कॉम्यावर रेखानं नवा हात द्यायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

स्वतः शिडी चढणं आता त्यांना जमत नव्हतं. त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. रेखा वर चढली खरी, पण ब्रश काही टेकवेना. खाली चौघी माना वर करून उभ्या.

“खाली बघू नको पोरी,” मामा ओरडले. “मपलं म्हन, माझं हाय म्हन, अन् टेकव ब्रश.”

रेखानं खाली बघितलंच. चौघींकडं बघितलं. मग पाटीकडं तोंड वळवून मोठ्यानं म्हणाली, “आमचं!” आणि ब्रश टेकवला.

मामा इतके हसले की शिडी हलली. वरून लाल रंगाचा एक थेंब निसटला आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर पडला. शबाना फडकं घेऊन धावली. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. रेखा खाली उतरेपर्यंत त्यांनी शिडीवरचे हात काढले नाहीत.